दहा रुपयांच्या पेनाच्या जमान्यात हजाराचे लाकडी पेन

१. प्रश्न नेमका कुठे अडतो

साधे बॉलपेन दहा रुपयांत मिळते आणि ते चांगले चालते. मग मोडक्या वाड्यातून, जुन्या बैलगाडीतून निघालेल्या लाकडाचे तुकडे जोडून हाताने केलेले पेन हजार रुपयांना कोण घेईल? पुण्या-मुंबईत कुणी घेईलही, पण ते जालना जिल्ह्यातल्या भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी बसून बनवण्यात काय अर्थ आहे? सुतारकाम येणाऱ्या एखाद्या तरुणाने असा धंदा काढायचे म्हटले, की घरातून आधी हेच दोन प्रश्न येतात. दोन्ही रास्त आहेत. मात्र त्यांच्या पोटात एक गृहीतक दडलेले असते: गिऱ्हाईक पैसे मोजते ते लाकडाचे किंवा लिहिण्याच्या सोयीचे. ते खरे असते, तर हा धंदा पहिल्याच दिवशी बुडाला असता. ते खरे नाही, हे साध्या गुणाकाराने दाखवता येते.

वाडा पाडताना निघालेली सागाची एक तुळई घेऊ. लांबी तीन मीटर, रुंदी आणि जाडी दीडशे-दीडशे मिलिमीटर. तिचे आकारमान होते ६७,५०० घन सेंटिमीटर, सुतारांच्या भाषेत सुमारे २.४ घनफूट. एका पेनाला १५ मिलिमीटर चौरस आणि १३० मिलिमीटर लांब एवढी कांडी पुरते, म्हणजे जेमतेम २९ घन सेंटिमीटर. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे २,३००. करवतीचे पाते लाकूड खाते, खिळ्यांची भोके आणि किडलेला भाग टाकावा लागतो, म्हणून निम्म्याहून जास्त वाया गेले असे धरू. तरीही एका तुळईत हजार पेन बसतात. जुना साग समजा दोन हजार रुपये घनफूट दराने मिळाला, तर तुळई पावणेपाच हजारांची झाली आणि प्रत्येक पेनातले लाकूड पाच रुपयांचेही नाही. मग उरलेले नऊशे पंचाण्णव रुपये कशाचे? या प्रकरणाचे उत्तर असे, की त्यातला मोठा वाटा तंतोतंत जोडकामाचा, आणि त्याहून जास्त त्या लाकडाच्या खात्रीलायक ओळखीचा. भोकरदनला या दोन्हींची उणीव नाही. हे मान्य करायला काही वाचक तयार नसतील, म्हणून टप्प्याटप्प्याने जाऊ.

२. तुकडे कशासाठी जोडायचे

अखंड कांडी कातून पेन करता येत असताना तुकडे जोडण्याचा खटाटोप का, हा पुढचा प्रश्न. पहिले कारण टाकाऊ लाकडातच आहे. मराठवाड्यात ट्रॅक्टर आला तशी बैलगाडी, तिफण, वखर, जू ही सगळी अवजारे गोठ्याच्या मागे जाऊन पडली. ती बहुतेक बाभळीची. बाभळीचे लाकूड कठीण, चिवट आणि गाभ्याला लालसर तपकिरी असते, पण अवजारातून निघालेला तुकडा क्वचितच सरळ आणि मोठा मिळतो. त्यात भोके असतात, खोबणी असतात, टोके झिजलेली असतात. अखंड पेनाला तो निरुपयोगी. पण त्यातून पाच मिलिमीटरच्या दहा चकत्या नक्की निघतात. जोडकामात लाकडाची गरज इतकी खाली येते की चुलीत जाणारा तुकडाही कामाचा ठरतो.

दुसरे कारण रंगसंगतीचे. साग सोनेरी तपकिरी, शिसम जांभळट काळपट, जुन्या चिंचेचा गाभा गडद आणि बाहेरचा भाग पिवळट, कडुनिंब लालसर. हे रंग शेजारी आले की कुठलाही रोगण न लावता नक्षी उभी राहते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याकडे कारागिरांचेच लक्ष कमी जाते: एका पेनात अनेक वस्तूंचे लाकूड एकत्र येऊ शकते. माजघराच्या तुळईचा एक तुकडा, आजोबांच्या तिफणीचा एक, पाळण्याच्या खुराचा एक. अखंड पेनात हे शक्य नाही.

या कामाचे तत्त्व समजायला बैलगाडीचे चाक पाहावे. ते एका लाकडाचे कधीच नसते. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेर परिघाचे बाकदार तुकडे, अशी ती जोडणी असते. निव्वळ लाकडाच्या सांध्यांवर एवढे ओझे पेलले नसते. म्हणून लोखंडी धाव तापवून चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. धाव आक्रसते आणि सगळे सांधे आवळून धरते. तुकड्यांच्या पेनातही असाच बांधणारा धातू लागतो, फक्त तो आत असतो. कांडीला सात मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवतात. लिहिताना पेनाला जो बाक येतो तो ही नळी सोसते. नळी नसेल, तर चकत्यांचे पेन खिशातून पडताच सांध्यावर मोडेल, कारण लाकडाच्या आडव्या छेदाला गोंद नीट धरत नाही. लाकडातले तंतू म्हणजे बारीक नळ्याच असतात. त्यांची तोंडे उघडी पडली की गोंद आत शोषला जातो आणि सांध्यात पुरेसा उरत नाही. म्हणून आडव्या छेदाला आधी गोंदाचा एक पातळ हात देऊन तो मुरू द्यायचा आणि मग दुसरा हात देऊन जोड दाबायचा. उभ्या पट्ट्या शेजारी-शेजारी जोडल्या तर ही अडचण येत नाही. तो सांधा लाकडापेक्षाही मजबूत होतो.

३. हवा, पाणी आणि मिलिमीटरचे दशांश

जुने लाकूड स्वस्त म्हणून वापरायचे, असे नाही. या कामाला ते नव्यापेक्षा बरे असते, आणि त्याचे कारण पाणी. ताज्या कापलेल्या लाकडात दोन ठिकाणी पाणी असते: तंतूंच्या पोकळीत आणि तंतूंच्या भिंतीत. पोकळीतले पाणी गेल्याने लाकूड हलके होते, पण आकार बदलत नाही. भिंतीतले पाणी कमी होऊ लागले की आकुंचन सुरू होते. हा टप्पा साधारण २८ ते ३० टक्के ओलाव्याला येतो. शिवाय लाकूड सगळ्या दिशांना सारखे आक्रसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, वर्षवलयांच्या आडव्या दिशेला थोडे, आणि वलयांच्या कडेने त्याच्या दुप्पट. भेगा पडतात त्या या फरकामुळे.

लाकूड पूर्ण वाळले म्हणून हा खेळ संपत नाही. ते हवेबरोबर श्वास घेतच राहते. हवेची आर्द्रता २० टक्के असते तेव्हा लाकडातला ओलावा चार-साडेचार टक्क्यांवर येतो; आर्द्रता ८० टक्के झाली की तो सोळाच्या आसपास जातो. मराठवाड्यातला मे महिना आणि ऑगस्ट महिना यांच्यात साधारण एवढे अंतर पडते. आता हिशोब करू. साग वलयांच्या कडेने ओलाव्याच्या दर टक्क्याला अंदाजे ०.२ टक्के हलतो. बारा टक्के फरक म्हणजे २.४ टक्के हालचाल. बारा मिलिमीटर जाडीच्या पेनात ती सुमारे ०.३ मिलिमीटर होते, आणि दुसऱ्या दिशेला तिच्या निम्मी. आकडा क्षुल्लक वाटतो. पण आतली पितळी नळी ओलाव्याने हलत नाही, आणि तिच्याभोवती लाकडाची भिंत अवघी अडीच मिलिमीटरची असते. लाकूड आक्रसून नळीवर आवळले, की ते फुटण्याखेरीज दुसरी वाट नाही.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. ऑगस्टच्या दमट हवेत जोडलेले पेन वातानुकूलित कार्यालयात गेले तर आक्रसून तडकण्याचा धोका. उन्हाळ्यात वाळक्या लाकडाचे जोडलेले पेन कोकणात गेले तर ते थोडे फुगेल, आणि फुगण्याने तडा जाण्याची भीती कमी. म्हणजे कापणे, जोडणे आणि नळी बसवणे फेब्रुवारी ते मे या काळात उरकावे. कातणे आणि पॉलिश पावसाळ्यात चालते. साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पावसाचा, कोरड्या उन्हाळ्याचा जालना जिल्हा शेतीच्या दृष्टीने कमनशिबी असेल, पण या एका कामाला त्याची हवा अनुकूल आहे. वाड्याच्या तुळईने तर असे कितीतरी उन्हाळे-पावसाळे पाहिलेले असतात. जिथे भेग पडायची तिथे ती आधीच पडलेली असते आणि डोळ्यांना दिसते. कारागीर ती टाळून कापतो. नव्या लाकडातली भेग मात्र पेन विकल्यावर दिसते.

जुन्या लाकडाचे स्वतःचे दुर्गुणही आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. आत मोडून राहिलेला खिळा पाते खराब करतो आणि उडून डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून आधी लोहचुंबक फिरवायचा. बाभळीत खिळ्याभोवती काळा डाग असतो. लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांच्या संयोगाने तो होतो. हिराकस आणि हिरडा यांच्या जुन्या काळ्या शाईतही हीच क्रिया घडते. हा डाग घासून जात नाही, पण योग्य जागी आला तर शोभतो. चाकाचा तुंबा वर्षानुवर्षे वंगण पिऊन बसलेला असतो. त्याचा आतला भाग कोणताच गोंद धरत नाही, म्हणून तो टाकलेला बरा. दारे-खिडक्यांवरच्या जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगातील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी खाली आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग काचकागदाने घासून घरभर उडवू नये. रंगीत थर करवतीने कापून वेगळा काढावा. लाकडाची धूळ तर नेहमीचीच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो.

४. अर्ध्या अंशाची किंमत

जोडकामात पैसे कशाचे मिळतात हे एका उदाहरणावरून कळेल. आठ पाचरी गोल लावून कांडी करायची आहे. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, म्हणून प्रत्येक पाचर ४५ अंशांची आणि तिची प्रत्येक बाजू साडेबावीस अंशांवर कापलेली हवी. करवत फक्त अर्ध्या अंशाने चुकली, असे समजू. डोळ्यांना अर्धा अंश दिसत नाही. पण आठ पाचरींच्या सोळा बाजू होतात, आणि सोळा वेळा अर्धा अंश म्हणजे आठ अंश. शेवटच्या ४६ अंशांच्या पाचरीला ३८ अंशांचीच जागा उरते, किंवा चूक उलट दिशेला असेल तर आठ अंशांची फट पडते. अनुभवी कारागीर यावर तोड काढतो. तो चार-चार पाचरींची दोन अर्धवर्तुळे आधी जोडतो, त्यांच्या कडा सपाट काचकागदावर घासून सरळ करतो आणि मगच दोन्ही अर्धी एकत्र चिकटवतो. साठलेली चूक तिथे घासून निघते.

गोफासारखी नक्षी याहून कठीण. कांडी पंचेचाळीस अंशांत तिरकी कापायची, फटीत पातळ पट्टी चिकटवायची, गोंद वाळला की कांडी पाव फेरा फिरवून पुन्हा कापायची. असे चार वेळा. इथे अट एकच: पट्टीची जाडी पात्याने खाल्लेल्या लाकडाएवढीच हवी. पाते दीड मिलिमीटर खात असेल आणि पट्टी एक मिलिमीटरची असेल, तर प्रत्येक कापात कांडी अर्ध्या मिलिमीटरने आत सरकते आणि शेवटी रेषा एकमेकींना भेटत नाहीत. त्यानंतर भोक पाडताना गिरमिट मध्यापासून जरासे सरकले, तर एका बाजूची नक्षी जाड आणि दुसरीकडची बारीक होते. शेवटी काचकागद लावताना शिसमाची काळी पूड शेजारच्या फिक्या लाकडात घुसून ते मळकट करते. म्हणून आधी पातळ लाखेचा हात देऊन छिद्रे बुजवायची. या सगळ्यात चुकायला जागा इतक्या, की दहात एक पेन फेकावे लागले तरी कारागीर वाईट म्हणता येणार नाही.

५. गाव आड आहे, म्हणून काय झाले

मोठ्या शहरापासून दूर असणे ही अडचण मानली जाते. फर्निचरच्या बाबतीत ती खरी आहे. कपाटाचे भाडेच कपाटाला खाते. लहान, हलक्या आणि कामाने भरलेल्या वस्तूला हा नियम लागत नाही. पेनाचे वजन तीस-चाळीस ग्रॅम. ते पोस्टाने देशात कुठेही जाते. याचा पुरावा भोकरदनच्याच मातीत आहे.

केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत आणि सांची येथील स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नोंद आहे. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. त्यात सातवाहनकालीन वस्तूंबरोबर हस्तिदंताची एक तुटकी स्त्रीप्रतिमा निघाली, आणि तिने अभ्यासकांचे लक्ष वेधले ते इटलीतल्या एका मूर्तीमुळे. १९३८ मध्ये पाँपेई येथील एका घरात हस्तिदंताची, जेमतेम वीतभर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचली असणार. भोकरदनची प्रतिमा आणि ही मूर्ती यांच्यात इतके साम्य आहे, की पाँपेईची मूर्ती याच भागात घडली असावी असे मत मांडले गेले. ते सर्वांना मान्य नाही. मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. म्हणून काहींनी तिचे मूळ दुसरीकडे शोधले. वाद कुठेही मिटो, आपल्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही. दख्खनच्या पोटात, समुद्रापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर असलेल्या गावात दोन हजार वर्षांपूर्वी असे नाजूक हस्तिदंती काम होते आणि त्या घडणीची वस्तू भूमध्य समुद्रापर्यंत गेली होती, एवढे उघड आहे. त्याच शतकातले ‘पेरिप्लस’ हे ग्रीक व्यापारमार्गवर्णन सांगते की पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर, आणि माल गाड्यांतून येई. एवढ्या लांबवरच्या वाटेने जायला परवडणारा माल म्हणजे किमतीच्या मानाने हलका माल.

परंपरा अखंड चालत आली, असे मी म्हणत नाही. ती आली नाही. आजच्या भोकरदनचे नाव सोयाबीन, कापूस आणि पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजाराशी जोडलेले आहे, कातकामाशी नाही. महाराष्ट्रात लाकूड कातून त्यावर लाख चढवण्याचे नाव सावंतवाडीचे. भोकरदनच्या इतिहासातून घ्यायचा तो धंद्याचा आकार: आड गावाने लहान वस्तू घडवावी.

६. हजार रुपयांचा हिशोब

आता आकडे मांडू. ते नमुन्याचे आहेत; प्रत्येकाने आपले भरावेत, रीत तीच राहील. एका पेनात लाकूड ५ रुपये. निब किंवा रिफिल, फिरकी, क्लिप आणि पितळी नळ्या यांचा तयार संच, ज्याला बाजारात किट म्हणतात, तो समजा २५० रुपये. गोंद, काचकागद, पाती, पॉलिश आणि वीज मिळून ५०. डबी आणि माहितीची चिठ्ठी ३०. झाले ३३५. छोटे लेथ, करवत आणि ड्रिल यांवर समजा सत्तर हजार गेले आणि तीन वर्षांत नऊशे पेन झाले, तर प्रत्येकी साधारण ७५ रुपये धरावे लागतात. काम एकदम दहा-दहाच्या घाणीने केले तर एका पेनाला दोन तास पडतात. तासाला ११० रुपये मजुरी धरली तर २२०. बेरीज ६३०. दहातले एक फेकायचे, म्हणून ६३० ला ०.९ ने भागायचे: ७०० रुपये. त्यावर शंभर रुपये नफा धरला तर थेट गिऱ्हाइकाला आठशेत, टपालखर्च वेगळा, देता येते. दुकानदार तीस टक्के घेत असेल तर आठशेला ०.७ ने भागा. भाव ११४० च्या पुढे जातो.

नवशिके इथे दोन चुका करतात. फक्त किटचे पैसे पकडून पेन चारशेला विकतात आणि दिवसभर लेथवर उभे राहून मजुरीइतकेही मिळवत नाहीत. किंवा शहरातल्या दुकानात अडीच हजारांची चिठ्ठी पाहून तीच लावतात, आणि मग माल पडून राहतो. हिशोबात किट आणि मजुरी हीच दोन मोठी ओझी आहेत. लाकूड फुकट मिळाले तरी भाव बदलत नाही. म्हणून स्वस्त लाकूड शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा ज्याच्यामागे नाव-गाव आहे असे लाकूड शोधावे.

असे लाकूड मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानात गाठावे लागत नाही. वाडा पडतो तेव्हा भावकी पुण्यात, संभाजीनगरात, कधी परदेशात पांगलेली असते. तुळई विकून प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाचशे रुपये येतात आणि लाकूड जाते. त्याच तुळईचे पाच भावंडांसाठी पाच पेन करून द्यायचे, तर लाकूड गिऱ्हाइकाचेच आणि कारागिराने लावायचे ते फक्त काम. हे पेन कुणी दहा रुपयांच्या पेनाशी ताडून पाहणार नाही. दुसरे गिऱ्हाईक आणखी जवळ आहे. आपल्याकडे सत्काराशिवाय महिना जात नाही. निवृत्ती, निवड, वाढदिवस, शाळेचा वर्धापनदिन. शाल, श्रीफळ आणि ॲक्रिलिकचे स्मृतिचिन्ह ठरलेले. ते स्मृतिचिन्ह कपाटावर धूळ खाते. त्याच खर्चात शाळेच्या जुन्या बाकाच्या लाकडाचे पेन निवृत्त गुरुजींना देता येते. तालुक्यातल्या शाळा, पतसंस्था आणि ग्रामपंचायती मिळून ही मागणी लहान नाही.

७. आक्षेप

पहिला आक्षेप यंत्राचा: संगणकावर चालणारी करवत आणि लेझर हेच काम मिनिटांत करतील. एकसारखी पाचशे पेने हवी असतील तर नक्कीच करतील, आणि अशी मागणी हातकारागिराने घेऊच नये. यंत्राला मात्र सारखा कच्चा माल लागतो. इथे प्रत्येक तुकड्याचे माप वेगळे, प्रत्येकात खिळ्याचे भोक वेगळ्या जागी. पाच पेनांसाठी यंत्र लावून घ्यायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात हाताचे काम निम्मे होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. आतला सांगाडा बाहेरून, बहुधा तैवान किंवा चीनमधून येतो. मग हे पेन भोकरदनचे कसे? हाच प्रश्न विसाव्या शतकात वेगळ्या रूपात विचारला गेला होता. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास स्वदेशी फाउंटन पेनाचा उद्योग सुरू केला. गांधीजींना हवे होते परदेशी भागांवर न विसंबणारे पेन. अखेर जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून गांधीजींनी पत्र लिहून पेन मिळाल्याची आणि ते उपयोगी ठरल्याची पोच दिली. पेन त्यांच्यापर्यंत पोचले होते अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत. सगळे भाग स्वतः घडवण्याची तयारी एकट्या सुताराला झेपणार नाही, हे मान्य. पण त्या कसोटीतून एक वागणूक घेता येते: चिठ्ठीवर सरळ लिहावे, की लाकूडकाम इथले, आतला संच बाहेरचा. पुढे जमले तर निब-रिफिल सोडून बाकी भाग स्वतः पितळात कातावेत. तसे झाल्यास अडीचशे रुपयांतले निम्मे गावात राहतील. आज मात्र किट टाळण्याच्या हट्टात धंदा उभाच न राहणे, हा तोटा मोठा.

तिसरा आक्षेप विश्वासाचा, आणि माझ्या मांडणीला खरा धोका इथूनच आहे. ओळख विकायची म्हटले, तर खोटी ओळख विकणे सोपे. हा तुकडा अमक्याच वाड्याचा, हे गिऱ्हाइकाने कसे मानायचे? भिंगाखाली सागाची वलये ओळखता येतात, कारण त्याची मोठी छिद्रे वलयाच्या सुरुवातीला ओळीने असतात. म्हणजे जात पटते, घर पटत नाही. घर पटवायला कागदच लागतो. लाकूड ताब्यात घेताना जागेवरचा फोटो, देणाऱ्याची सही, वहीत क्रमांक, करवतीखाली गेलेल्या प्रत्येक तुकड्यावर तोच क्रमांक, आणि पेनाच्या चिठ्ठीवरही तोच. शिवाय त्या लाकडाचा एक न कापलेला तुकडा सांभाळून ठेवायचा. हे कंटाळवाणे काम लेथपेक्षा कमी मोलाचे नाही. ज्याला वही ठेवायची नसेल, त्याने लाकडाचे नाव सांगावे आणि गोष्ट सांगू नये.

८. कायद्याची चौकट आणि न कापायचे लाकूड

सरकारी बाजू थोडक्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज अशी तिची रचना आहे. वस्तूंच्या विक्रीवर जीएसटी नोंदणीची मर्यादा राज्यात ४० लाखांची. राज्याबाहेर माल पाठवताना नियम कडक होतात आणि यादीतल्या हस्तकलेला त्यात सवलत आहे. आपले पेन त्या यादीत बसते का, हे पहिल्या पार्सलाआधी कर सल्लागाराला विचारावे.

जुने आहे म्हणून सगळे चालते, ही समजूत महागात पडते. हस्तिदंताच्या जुन्या बांगडीचा तुकडा पेनात बसवायचा मोह होईल. देशी हत्तीच्या दंताचा व्यापार १९८६ मध्ये आणि आयात आफ्रिकी दंताचा १९९१ मध्ये बंद झाला. जुना दंत विकणेही गुन्हाच. शिसमाच्या जवळजवळ सगळ्या जाती २०१७ पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या यादीत आहेत. तयार वस्तूंमधल्या शिसमाला दहा किलोपर्यंत पुढे सूट मिळाली, पण परदेशी पार्सलासोबत लाकूड कुठून आले याचे बिल हवेच. रक्तचंदनाच्या वाटेला जाऊच नये. शेवटचा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. कोरीव खांब, घोडे-मोर कोरलेल्या कैच्या, दारावरची गणेशपट्टी यांना करवत लावणे कायद्याने अडचणीचे आणि व्यवहारानेही मूर्खपणाचे, कारण त्या अखंड असताना कुठल्याही पेनापेक्षा जास्त मोलाच्या असतात. दाराची चौकट आली, तर गणेशपट्टी पुसून मालकाला परत द्यावी. जमिनीत गाडलेली, ओल खाऊन कुजलेली चौकटीची दोन पावले आणि खिळ्यांनी चाळण झालेला उंबरठा, एवढे आपल्याकडे ठेवावे. पेनाला तेवढे पुरते.